मामांना कडू लागलं नाही

जवळा बाजारच्या माझ्या मामांना कारल्याचं वेड होतं. मामी कारलं मीठ लावून पिळायला लागली की ते ओरडायचे, "पिळू नगंस, सारा कडूपणा वाहून चालला!" बाजाराच्या दिवशी चार मित्रांत बसून ते एक बिअर घ्यायचे. तेवढीच.

त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, औरंगाबादेत बिअरच्या कारखान्यात लागला होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एकदा तो परदेशी पाठवायच्या बिअरच्या चार बाटल्या घेऊन आला. भर दुपारी आम्ही तिघं शेतातल्या कडुलिंबाखाली बसलो.

"हिच्यात हॉप्स लई हाय," तो म्हणाला. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडूपणा त्यांचाच. "कडू खाणारे तुमीच, बाबा. पयले तुमी घ्या."

मामांनी अर्धी बाटली एका दमात रिचवली. "ब्येस हाय."

मग मी घोट घेतला आणि थुंकलोच. मलेरियाची गोळी जिभेवर विरघळावी तसा कडूपणा टाळूला चिकटला. आम्हाला गावाकडची गोडसर बिअर माहीत. दुसरा घोट जिद्दीनं घेतला. तिसऱ्याला मात्र त्या कडूमागून संत्र्याच्या सालीसारखा वास आला, आणि जीभ आपणहून चौथा मागायला लागली. मला स्वतःचंच नवल वाटलं.

मामांचा चेहरा तसाच होता. मामेभावानं थट्टेनं खिशातली पुडी काढली. आत हॉप्सच्या हिरव्या, दाबून केलेल्या गोळ्या होत्या. "हे चावून दाखवा."

मामांनी दोन गोळ्या तोंडात टाकल्या. सावकाश चावल्या, गिळल्या. डोळ्यांची पापणीसुद्धा हलली नाही. मामेभाऊ हसायचा थांबला.

"बाबा, खरं सांगा. कडू लागलं का?"

मामांनी पुढ्यातलं ढेकूळ बोटांनी फोडलं. "न्हाई. काईच लागत न्हाई. तो मुदतीचा ताप आला व्हता न्हं, तवापासून. वासबी न्हाई."

त्या टायफॉईडला वर्ष उलटलं होतं.

जेवणाचा डबा घेऊन आलेली मामी मागंच उभी होती. तिनं डबा खाली ठेवला नाही, तिच्या हातातून तो निसटला.

"मंग मी रोज इचारते, कसं झालं? तर तुमी म्हणता, झ्याक!"

"तू एवढं चुलीपुढं बसती. काय सांगू?"

"मागं आमटी आंबली व्हती, तरी वाटीभर वरपली. मला वाटलं, माझं मन राखून राहिले."

त्या वर्षात मी कितीदा त्यांच्या पंगतीला जेवलो होतो.

"मंग बिअर काहून पिता?" मामेभावानं विचारलं.

"गार असती. फेस नाकाला लागतो. अन् चार मान्सं बसत्यात."

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, चव परत येईल किंवा येणारही नाही. पुढं मीठ थोडं कळायला लागलं. कडू कधीच आलं नाही. पुण्यात नोकरीला लागल्यावर मला मात्र कडू बिअरच आवडू लागली.

मामीनं "कसं झालं" विचारणं सोडलं. वाढताना ती हळूच सांगायची, "आज वरण आंबट हाय. मिरचीबी पडलीय जरा." मामा मान हलवायचे आणि घास घ्यायचे.