धुळ्याच्या फाट्यावर उघडलेला कंटेनर

जळगावहून यावलकडे निघालेल्या पहिल्या एसटीपुढे माल थंड ठेवणारा एक पांढरा कंटेनर चालला होता. तापीच्या अलीकडे आमच्या बसने त्याला मागे टाकलं. केळ्यांच्या निर्यातीवर लिहायला मी ज्या गावी उतरलो, तिथल्या केळीच्या शेडसमोर थोड्या वेळाने तोच येऊन उभा राहिला. मुंबईजवळच्या बंदरातून तो इथवर रिकामा आला होता, आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडंही शेडचे मालक नानाच देणार होते. आखातात जाणाऱ्या केळ्यांचा प्रवास असा उलट्या दिशेने सुरू होतो.

नाना साठीचे. आजवर त्यांनी माल व्यापाऱ्यांना विकला. स्वतःच्या नावाने जाणारा हा पहिलाच कंटेनर. त्यात तापमानाची नोंद ठेवणारं एक छोटं यंत्र बसवलं होतं. दुबईचा खरेदीदार फळाइतकीच ती नोंदही बघणार होता. दोन्ही पटलं तर पुढचा कंटेनर, नाही तर पुन्हा दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या फोनची वाट.

पहिल्या कंटेनरची खोकी आदल्या दिवशीच भरून थंड केलेली होती. शेडमध्ये पुढच्या मालाची निवड चालली होती. तिथल्या जुन्या कामगार अक्का प्रत्येक फणीवर नजर टाकून आखूड, वाकडी फणी बाजूला सारत होत्या. चवीत काही फरक आहे का, असं मी विचारलं.

"चव तीच," अक्का म्हणाल्या. "पन बारक्या केळाला भाडं कमी लागत नाही ना भाऊ. मंग जागा मोठ्यालाच."

बाजूला सारलेला माल जवळच्या बाजारात जाणार होता. नानांच्या घरी न्याहारीला भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) होती. ताटाशेजारी ठेवलेली केळी वाकडी आणि बारीक होती. बंदरापासून इतक्या लांब, भाडं सोसेल असंच फळ परदेशी जातं. उरलेलं पिकवणाऱ्याच्या ताटात येतं.

परत आलो तेव्हा भरणी सुरू होत होती. इथली एक रीत आहे. गाडीच्या तळाला केळीची पानं अंथरायची, म्हणजे घड खरचटत नाहीत. आणि पहिलं पान मालकाने ठेवायचं. नानांनी चपला काढल्या, आत जाऊन पान ठेवलं, कपाळाला हात लावला. मजुरांनी मग पूर्ण तळ हिरवा केला आणि त्यावर खोकी रचली. दाराला सील लागलं. रात्रभर गाडी चालवून आलेला चालक सुभाष तेवढा वेळ केबिनमध्ये झोपला होता.

साडेदहाला निघालो. केबिनमध्ये सुभाष, नाना आणि मी. नाना धुळ्यापर्यंत पोचवायला येणार होते. सुभाष धुळ्याच्या देवपुरातला, त्याची बोली अहिराणी. मुलीला सासरी पोचवायला निघाल्यासारखे बसलात, असं म्हणून त्याने नानांना दोनदा चिडवलं. भुसावळ, जळगाव, एरंडोल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी संपून कापूस सुरू झाला. जहाजाच्या भाड्याची मला भीती नाही, नाना सांगत होते, या रस्त्याच्या भाड्याची आहे. बंदर माझ्या शेताजवळ असतं तर अक्काची वाकडी केळीसुद्धा दुबईला गेली असती.

पारोळ्याला चहा झाला. धुळ्याच्या फाट्यावर सुभाषने गाडी बाजूला घेतली आणि उतरून कंटेनरबाहेरच्या पट्टीवर आतल्या तापमानाचा आकडा पाहिला. तेरा-चौदा अंश हवे होते. एकोणीस होते.

"नाना, मशीन चांगलं शे, माल बी चांगला शे. मंग थंडावा जास कोठे?" त्याने विचारलं. मग कंटेनरच्या तळाकडे बघत म्हणाला, "खोक्यासना खाले काय शे?"

"पानं," नाना म्हणाले.

सुभाष हसला नाही. "हवा खालथून येस, नाना. तुम्हीन तिनावर गादी टाकी दिधी." कंटेनरच्या तळाला खाचा असतात, थंड हवा त्यांतून वर चढते. पानांनी त्या बुजल्या होत्या.

या फाट्यावरून उजवा रस्ता इंदूरमार्गे दिल्लीकडे जातो, डावा नाशिकवरून बंदराकडे. नानांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. साध्या ट्रकमध्ये माल फिरवा, लगेच घेतो, असं तो म्हणाला. भाव मात्र पोचल्यावर. नानांनी फोन ठेवला.

"दिल्लीला माल पानावर जातो, दुबईला हवेवर. आज समजलं," ते म्हणाले. "उतरवा सगळा."

सील तोडावं लागणार होतं; निर्यातीचे कागद बघणाऱ्या बंदरातल्या दलालाने फोनवर नव्या सीलचा नंबर कागदांवर बदलून घेण्याचं कबूल केलं. सुभाषच्या ओळखीच्या गोदामाची सावली मिळाली. बाजारातून हमाल आले. खोकी हातोहात बाहेर आली. पानं उचलायला नानांनी कुणालाच आत येऊ दिलं नाही. शेवटचं चिकटलेलं पान त्यांनी नखाने सोडवलं. खोकी पुन्हा रचून दार बंद होईपर्यंत संध्याकाळ झाली होती. अर्ध्या तासाने आकडा एकने उतरला आणि सुभाष डाव्या रस्त्याला लागला.

परतताना जळगावच्या एसटीत नानांनी मला दुबईसाठी निरोप लिहायला सांगितला. यंत्रात आजच्या दुपारची नोंद खराब दिसेल, चूक माझी, कारण पानं. कारण लिहू नये, असं मी सुचवलं. ते म्हणाले, दोष कंटेनरच्या मशीनला लागेल आणि खोटं माझ्या नावाने जाईल.

निरोप तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, जहाजासाठी माल घेणं बंद होण्याआधी, कंटेनर साडेतेरा अंशांवर बंदरात शिरला.

दोन आठवड्यांनी नानांचा फोन आला. फळ हिरवं पोचलं होतं. नोंद पाहून खरेदीदाराने एवढंच विचारलं होतं, की पुन्हा पानं घालणार का.

दुसरा कंटेनर सकाळीच भरून निघाला, नाना म्हणाले. पहिलं पान त्यांनीच ठेवलं होतं, सुभाषच्या सीटवर.