झाडांसाठी राखलेलं पिंप

निवृत्त झाल्यावर मी आमच्या शहरातून वाहणाऱ्या खाम नदीच्या मागे लागलो. दर रविवारी आम्ही आठ-दहा जण काठावर जमायचो, प्लास्टिक आणि चिंध्या उपसायचो, पावसाळ्यात करंज-कडुनिंबाची रोपं लावायचो. पुढे आमच्या गटाकडे घरोघर जाऊन डेंग्यूबद्दल सांगायचं कामही आलं. आठवड्यातून एकदा साठवलेलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासून वाळवायची. त्याला म्हणायचं कोरडा दिवस. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात हे सांगताना कुणाचीही जीभ अडखळेल. माझी अडखळली नाही. नोकरीभर लोकांना परिपत्रकं वाचून दाखवलेली, सवय होती.

शेजारी गंगापूरकडचं एक जोडपं भाड्याने राहतं. त्यातल्या बाईंना मी नियम समजावला तेव्हा त्या आपल्या दोन भरल्या पिंपांकडे बघत राहिल्या.

"काका, नळाला अजून चार दिस हायेत. ओतू म्हणता?"

"ओताच," मी म्हणालो. त्यांनी माझ्यादेखत दोन्ही पिंपं गटारात रिकामी केली.

त्या वेळी माझ्या जिन्याखाली एक पिंप काठोकाठ भरलेलं होतं, वर गोणपाट टाकलेलं. ते झाडांचं होतं. पाऊस लवकर ओसरला होता, ऑक्टोबरच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या होत्या आणि मी रोज दोन डबे पाणी स्कूटरवरून काठावर न्यायचो. नियम घरातल्या पाण्याला, झाडांच्या पाण्याला नाही, असं मी धरून चाललो होतो. असं का धरलं, ते आजही मला सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी त्या बाई तापाने फणफणल्या. त्यांचा नवरा फाटकाशी भेटला.

"डेंगू निघाला काका. दवाखान्यात ठेवलंय. प्लेटलेट लई उतरल्यात."

रोज गोणपाटाचा कोपरा सारून डबा बुडवायचो; आज घरी येऊन ते पूर्ण उचललं आणि आत वाकून पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पिंप तिथल्या तिथे मातीत आडवं केलं आणि जिन्यावर बसून राहिलो.

पण डोक्यात काही नीट बसेना. डास माझ्याच पिंपातला कशावरून? मागच्या अर्धवट बांधकामात पाणी साचलेलं होतंच. मग मी घाबरलो कशाला? नदी वाचवायची म्हणून रोपं, रोपांसाठी पाणी आणि त्या पाण्यात हे. यात चांगलं काम कुठे संपलं? मला स्वतःची लाज वाटत होती आणि का कोण जाणे, रागही येत होता. त्या बाईंचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाला काय सांगणार होतो? तो सगळा आठवडा मी नदीकडे फिरकलो नाही. चार रोपं वाळली.

बाई घरी आल्या. चेहरा उतरलेला, पण चालत्या-बोलत्या. पुढच्या कोरड्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या, सोबत नवरा, त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

"आज ओतायचंच हाय, तर गटारात कशाला? तुमच्या झाडाला घाला, काका."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी गल्लीभर लोकांचं पाणी गटारात घालवलं आणि स्वतः पिंप राखत बसलो. आता न बोलणं शक्यच नव्हतं. सांगून टाकलं, की जिन्याखाली माझं पिंप भरलेलं होतं, त्यात अळ्या होत्या, कदाचित तुमचं दुखणं तिथूनच आलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसतं की पिंप."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नवऱ्याच्या हातातली एक बादली घेऊन आमच्या पायरीवर ठेवली.

"तुम्हीच शिकवायला आलेले. तुम्हाला कसं सांगायचं?"