रेवतीच्या बेंबीवरचा रुपाया

हे नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते. ऐकून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

रेवती माझी धाकटी जाऊ. दुधनीची, मला ‘अक्का’ म्हणते. ती घरात आली आणि सासूबाईंच्या तोंडी तिचंच नाव. तिच्या भाकरी पातळ, तिला पहिलाच मुलगा. माझ्या दोन मुली—त्यांचं कधी एवढं कौतुक झालं? जळायचे मी. दुसरा शब्द नाही त्याला.

बाळंतपणानंतर तिच्या बेंबीशी सुपारीएवढा फुगा आला. खोकली की वर यायचा, आडवी झाली की आत जायचा. मीच तिला दवाखान्यात नेलं. तपासून झाल्यावर बाळ रडलं म्हणून ती बाहेर गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं—हर्निया आहे, पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं बाहेर येतं. जड उचलायचं नाही, वर काही बांधायचं नाही, ऑपरेशन करून घ्या. फुगा कडक झाला, उलट्या लागल्या, तर तडक घेऊन या.

म्हणजे आता पाणी मी भरायचं? आणि राणीसाहेबांनी पलंगावर बसायचं?—हेच पहिलं मनात आलं. घरी येऊन सांगितलं, डॉक्टरीणबाई काही नाही म्हणाल्या, बाळंतिणीला होतं असं.

“मग रुपाया बांध की घट्ट,” सासूबाई म्हणाल्या. “लेकराच्या बेंबीला बांधतो तसा. बसतंय आपोआप.”

मी बांधला. फडक्याची गाठ माझ्या हातची.

आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आलं की घरातलं भांडं न् भांडं भरायचं. रुपाया बांधल्यावर पाणी आलं, त्या दिवशी तिने घागरींवर घागरी वाहिल्या. मी नळाशी उभी. दुपारी ती ओकायला लागली. फडकं सोडलं तर फुगा कडक, जांभळा पडलेला. मला कळलं होतं—पहिल्या उलटीलाच कळलं होतं. पण बोलले असते तर आधी का नाही सांगितलंस, हे विचारलं नसतं का? सासूबाई ओवा चोळत राहिल्या, मी बघत राहिले. ऊन उतरल्यावर रिक्षा आणली. तीही मीच.

आतड्याचा तुकडा कापावा लागला. ती वाचली.

परवा तिच्या माहेरची माणसं आली होती. त्यांच्यासमोर माझा हात धरून म्हणाली, “अक्का रिक्षा आणायला पळाल्या म्हणून मी हाय.”

“थोरली माझी लई गुणाची हाय,” सासूबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं जे ऐकायला जीव टाकत होते, ते ऐकलं. आणि खरं सांगते—मला बरं वाटलं.