टायरचा पन्हा

कापडाचा पन्हा मोजण्यात माझी हयात गेली. कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात मी तागे तपासतो. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. मागावरून उतरलेलं कच्चं कापड रंगाईला गेलं की आकसतं, म्हणून हवा त्यापेक्षा तीन-चार इंच जास्तच पन्हा धरून विणायचं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. कमी पन्ह्याचा तागा परत येतो आणि त्याच्यासोबत शेठची बोलणी येतात. जास्त पन्ह्याचा तागा आजवर कुणी परत पाठवलेला मी पाहिला नाही. अशा माणसाने जुन्या जीपसाठी टायर निवडायला जाऊच नये. मी गेलो, आणि वरून खिशात मोजपट्टी घेऊन गेलो.

जीप घेतली ती मायसाठी. माय म्हणजे माझी आई. आम्ही साक्रीकडचे, सुरतेत येऊन जन्म गेला, पण आमच्या भाऊबंदांची कानबाई अजून गावीच बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे आणि नथ लावून ही देवी सजवतात, बाया रात्रभर गाणी म्हणतात आणि रोटाचा प्रसाद फक्त भाऊबंदच खातात. त्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू दळायला निघतात. आमच्यात अशी रीत आहे की घरातल्या प्रत्येकाने आपापल्या हाताने मूठभर गहू सुपात घालायचे. इथे सुरतेत, डिंडोलीत, आमच्या गल्लीत चार घरी कानबाई बसते, माय तिथे जाऊन गाते, पण पाहुणी म्हणून. तिची मूठ गावी.

आमची वस्ती डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत, शेतांमधून. पावसाळ्यात त्या वाटेवर काळ्या मातीचा असा चिखल होतो की चप्पल घालून गेलेला माणूस अनवाणी परत येतो. चार वर्षांपूर्वी मायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं होतं. तिच्या गुडघ्याने त्या धक्क्यांचा असा काही सूड उगवला की ती दोन महिने अंथरुणावर होती. त्यानंतर जाणं बंद. दरवर्षी माझी मोठी काकू, म्हणजे मायची जाऊ, मायच्या नावाची मूठ स्वतः घालते आणि मग फोन करून सांगते. गेल्या वर्षी फोन ठेवल्यावर माय म्हणाली, "मना नावना गहू दुसरानी मुठमा जातस."

माझ्या नावाचे गहू दुसऱ्याच्या मुठीतून जातात, एवढंच म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. मला मात्र जेवण गेलं नाही.

कतारगामच्या एका गॅरेजात ही जीप बरेच दिवस धूळ खात उभी होती. वयाने माझ्याहून थोडीच लहान, पण इंजिन ठणठणीत आणि चारही चाकांना जोर लावणारी. मायला चढता यावं म्हणून मी बाजूला लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली. राहिले फक्त टायर. जुने झिजून अगदी गुळगुळीत झालेले, आणि रुंदीला जेमतेम सहा इंच. एवढ्या दणकट गाडीखाली ती किडकिडीत चाकं बघून मला तिची कीव आली.

कामरेजला हायवेवर एक टायरवाले काका आहेत, मूळचे काठियावाडचे. आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "गाडी जवानी क्यां?" गाडी जाणार कुठे? मी म्हटलं, काका, ते सोडा, तुम्ही पन्हा बोला. ते म्हणाले, आहेत तेच घाल, सहा इंची. आणि परत विचारलं, पण गाडी जाणार कुठे? मला रागच आला. मी रुंदी विचारतोय आणि हा माणूस माझी चौकशी करतोय. माझा स्वभाव असा की ज्यातलं मला काही कळत नाही त्यात मी सगळ्यात लवकर चिडतो. म्हटलं येतो, आणि निघालो.

नंतर शहरातल्या एका झगमगीत दुकानात गेलो. तिथे भिंतीवर एकाहून एक रुंद टायर टांगलेले, हातभर नक्षी, दात तर असे की बघूनच चिखल बाजूला व्हावा. मी मोजपट्टी काढली आणि कापडासारखे आडवे मोजले. साडेआठ, साडेनऊ, साडेदहा. आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, हसू नका. गाडीला सहाचे होते, म्हणजे चिखलासाठी आठचे पुरतील. वापरात थोडे झिजतील, बसतील, तेव्हा दोन-अडीच इंच वरचे धरावेत. मी साडेदहाचे घेतले, त्यासोबत रुंद रिमही घेतल्या. टायर आकसत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताला सवय असते, आणि माझा हात पट्टीच्या पुढच्या आकड्यावर आपोआप गेला.

घरी आणल्यावर गल्ली जमली. जीप अशी काही दिसायला लागली की मी दोन दिवस उगीचच गॅलरीत उभा राहून खाली बघत होतो. शेजारी आपले मोबाइल घेऊन फोटो काढून गेले. बायको म्हणाली, गाडी फुगली.

कानबाईला दोन आठवडे असताना, एका सुट्टीच्या दिवशी, मायला आणि बायकोला घेऊन मी चाचणीला निघालो. कामरेजच्या पलीकडे उसाच्या शेतांमधून एक वाट जाते, माती अगदी आमच्या गावासारखी. हायवेवरच कळलं की काहीतरी बिनसलंय. स्टेअरिंग वळवायला दोन्ही खांदे लागत होते. पूर्ण वळवलं की टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासून खर्र आवाज करायचे. चौकातल्या एका वळणाला मी जीप तीन वेळा मागेपुढे घेतली आणि मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली.

पण खरी फजिती उसाच्या वाटेवर झाली. रुंद टायर चिखलात शिरतच नव्हते. वरच्यावर तरंगत होते आणि लोण्यावर ठेवल्यासारखे जागच्या जागी फिरत होते. त्या हातभर नक्षीत चिखल गच्च बसला आणि बघता बघता चारही चाकं गुळगुळीत काळे गोळे झाली. जीप हळूहळू तिरकी होत बांधाला जाऊन टेकली. मी गॅस देत होतो आणि चिखल माझ्याच तोंडावर येत होता.

बायको मागून शांतपणे म्हणाली, "आते आकसाले ठेवा हाई टायर."

शेवटी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला आणि त्याने दोर बांधून आम्हाला ओढून काढलं. हे सगळं होत असताना माय सीटवर निवांत बसली होती. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती ट्रॅक्टरची पुढची चाकं बघत होती. लहान, अरुंद चाकं, चिखलात सरळ खाली जाऊन चालत होती.

"गाडानं चाक कितलं रुंद व्हतं रे?" तिने विचारलं. बैलगाडीचं चाक केवढं रुंद असायचं, असं.

"माले काय माहीत?"

"चार बोट," माय म्हणाली आणि चार बोटं जोडून माझ्यापुढे धरली.

"माय, गाडाले इंजिन व्हतं का?" मी ओरडलो. तिने बोटं खाली घेतली. पुढचे तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. लाज वाटली की मला राग येतो, आणि राग ओसरला की परत लाज वाटते. चौथ्या दिवशी दुकानदाराकडे गेलो. चिखलात गेलेले टायर तो कशाला परत घेईल? जास्त पन्ह्याचा माल परत न्यायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली आणि तीही माझ्यावरच. जीपला जुनेच गुळगुळीत टायर परत चढवले आणि उतरवलेले रुंद टायर आमच्या दारात एकावर एक पडले. मायने पहिल्याच संध्याकाळी त्यावर गोधडी टाकली आणि गुडघे न वाकवता बसता येतं म्हणून फार खूश झाली. आज गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची ती बैठक आहे.

मग कामरेजच्या काकांकडे परत जाणं आलं. मी एकटाच गुपचूप जाणार होतो, पण माय म्हणाली, "माले ली चाल तठे." मलाही तिथे घेऊन चल.

काकांनी माझ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं, पण एका शब्दाने टोचलं नाही. मायला खुर्ची दिली आणि तिलाच विचारलं, "बा, गाडी जवानी क्यां?"

मी तोंड उघडायच्या आत माय अहिराणीत सांगायला लागली. सडक, मग आंब्याचं झाड, मग उताराची वाट, मग नाला, मग वस्ती. काका काठियावाडी गुजरातीत विचारत होते, ती अहिराणीत उत्तर देत होती आणि दोघांचं एकही वाक्य अडत नव्हतं. मी मध्ये दुभाष्या म्हणून उभा होतो, मला कुणी विचारलं नाही.

चिखल किती खोल, काकांनी विचारलं. मायने कोपराखाली बोट ठेवून दाखवलं, एवढा. आणि "नीचे शुं छे?" खाली काय आहे?

"मुरूम," माय म्हणाली.

काका म्हणाले, खाली कडक असेल तर अरुंद चाकच घाला, ते चिखल कापून तळाला जातं आणि तिथे पकड घेतं. समुद्रकाठच्या वाळूत जायचं असतं तर रुंद टायर बरोबर होते. तळच नसेल तर रुंद टायर निदान वर तरी ठेवतात. पण मुरूम आहे हे नक्की का?

"मीच टाकेल शे ना भाऊ," माय म्हणाली. "टोपलं डोकावर लीसन." मीच टाकलाय, टोपली डोक्यावर घेऊन.

हे मला नवीन होतं. दुष्काळाच्या साली ती वाट बांधायचं काम निघालं होतं. मी तेव्हा अंगावर पीत होतो. माय मला नाल्याकाठच्या निंबाला झोळीत बांधायची आणि दिवसभर मुरूमाची टोपली वाहायची. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सुरतेला आलो. पन्नासएक वर्षं झाली त्याला. इतकी वर्षं एका घरात राहून तिने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही तिला त्या वाटेबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं.

काकांनी वाकून जीपच्या पोटाखाली बघितलं. इतक्या वर्षांत मुरूम वाहून गेला असेल तर अरुंद चाक थेट पोटापर्यंत रुतेल, तेव्हा विचार करा, असं म्हणाले. मी मायकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"सहाचेच घाला," मी म्हटलं. पट्टी खिशातून काढली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. स्टेअरिंग आता दोन बोटांनी फिरत होतं. पाऊस आदल्या रात्रीपासून लागून राहिलेला. दुपारी सडक सोडून आंब्याजवळ आत वळलो. सुरुवातीची वाट बरी होती. नाल्यापाशी आलो तेव्हा मी ब्रेक दाबला. पुढे शंभर पावलं नुसता काळा रबरबाट, आणि एका कडेला कुणाची तरी मोटारसायकल अर्धी बुडालेली. रुतलो तर मायला तिथून पाठीवर नेण्यावाचून इलाज नव्हता, आणि आमची पाठ आता कुणाला उचलण्याजोगी राहिलेली नाही. बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी जीप छोट्या गिअरमध्ये टाकून सोडली. पुढची चाकं बसायला लागली. वीतभर गेली. आणखी खाली गेली. चिखल पायरीला लागला आणि जीप अडखळली. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबू नको," माय म्हणाली. "खाले शे तो."

मी थांबलो नाही. चाकं आणखी बोटभर खाली गेली आणि तळातून आवाज आला, खरखर, दगडावर दगड घासावा तसा. जीपने एक हिसका दिला आणि सरळ चालायला लागली. पुढे, आणखी पुढे, निंबाच्या झाडापर्यंत, आणि खालची ती खरखर एकदाही तुटली नाही. मी हसत होतो की काय करत होतो, मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मायने खिडकीतून वाकून खाली चाकाकडे बघितलं.

"हाऊ मना," ती म्हणाली. हा माझा.

दारात काकू सूप मांडीवर घेऊन बसली होती, गहू निवडत. मायला पायरीवरून उतरताना बघून ती उठली आणि तशीच उभी राहिली. "इतला चिखलमा कशी उनी वं?" एवढ्या चिखलात आलीस कशी?

"मुरूम शे ना खाले," माय म्हणाली.

काकूने पदराने डोळे टिपले आणि सूप पुढे केलं. "तुनी मूठ बाकी शे."

मायने रांजणाजवळ जाऊन हात धुतले, लुगड्याला पुसले आणि मूठभर गहू सुपात घातले.