मुखपृष्ठावरचा डागी संत्रा

अमरावतीच्या एका छोट्या प्रकाशनात मी पुस्तकांची आतली पानं संगणकावर लावायचे. दोन वर्षांनी पहिलं मुखपृष्ठ हाती आलं. वरूडकडच्या एका बागायतदार काकांनी आपल्या संत्र्याच्या बागेचे अनुभव लिहिले होते. आमचे प्रकाशक म्हणाले, "जमलं तर तुझं. नाही तर नेहमीसारखं पुण्याच्या चित्रकाराकडे पाठवू."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्या गावच्या, हिवरखेडच्या शाळेत चित्रकलेचे सर नव्हते. गणिताच्या सरांनीच मला रंगपेटी आणून दिली आणि चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं. एवढं कोणी केल्यावर हे काम पुण्याला जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

इंटरनेटवरून एक सुरेख फळ घेतलं. गोल, चकचकीत, अंगावर पाण्याचे थेंब. समोर फळ, पुस्तकाच्या कण्यावर पान, मागे फोडी. एकच कल्पना पुस्तकभर फिरवली म्हणून मी खूश होते.

काका ते पाहायला ऑफिसात आले, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि हसायलाच लागले.

"पोरी, हा माल्टा हाय! आपला संत्रा असा घट्ट अंगाचा नसते. साल ढिली रायते त्याची."

"वाचकाला काय कळतंय एवढं?" प्रकाशक म्हणाले.

"साहेब, वरूडचा मानूस पुस्तक उघडाच्या आधी हेच पाहीन. अन् मंग उघडनारच नाई."

संत्री खातच मोठी झालेली मी, आणि मलाच ते दिसलं नव्हतं. मी चार दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी एसटीने वरूड गाठलं. पॅकिंगच्या शेडमध्ये बायका फळं निवडत बसल्या होत्या. मी फोटोसाठी एक ढीग चाळू लागले, तशी एक बाई ओरडली, "ओ म्याडम, डागीतले काहून घेऊन राहिल्या? चांगले इकडं हायेत!"

"हा डाग कशाचा?"

"वाऱ्यानं फांदी घासते ना. खाऊन पाहा, साखर हाय. पन भाव नाई भेटत त्याले."

खाल्लं. खरंच गोड होतं. काकांनी वाऱ्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मी त्याची पानं लावली होती, पण फळावर तो वारा शोधला नव्हता.

नवीन मुखपृष्ठावर मी तोच ढिल्या सालीचा, डागी संत्रा घेतला.

"डाग?" प्रकाशक म्हणाले. "लोकांना वाटेल, छपाई बिघडली."

"डाग समोरच संपला असता तर वाटलं असतं सर. म्हणून तो कण्यावरून मागे नेलाय. मागे त्याचीच फांदी होते."

"पुण्यावाल्याने हे सफाईने केलं असतं."

"केलं असतं. पण तो इथं येऊन डागी संत्रा खाणार होता का?"

मुखपृष्ठाची प्रिंट एका जुन्या पुस्तकाला गुंडाळून प्रकाशकांनी ते उलटसुलट फिरवलं. तीनदा, चारदा. मग पेन काढून कोपऱ्यात प्रेससाठी लिहिलं : डाग पुसू नये.

त्यांनी पेनाला टोपण लावायच्या आत मी तो कागद उचलला आणि प्रेसची वाट धरली.