तोंड धुवायच्या आधी

काचेच्या बरणीत मेणबत्ती जळत असेपर्यंत मॅडम कोणाशी बोलत नसत. आत जंतू वाढवायच्या प्लेटा रचायच्या, वर लहानशी मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. प्राणवायू कमी झाला की ज्योत आपोआप विझे. दात किडवणाऱ्या जंतूंना तशीच हवा मानवते. मग मॅडम हलकेच म्हणत, "चला, आता त्यांना त्यांचं करू द्या." मुलं त्यांना मेणबत्तीवाल्या मॅडम म्हणत. मीही म्हणायची, पण मनात.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवत. रोज अकोल्याहून येत. स्टाफरूममध्ये त्यांची अशी खुर्ची नव्हती, म्हणून व्हरांड्यात डबा खात. मी तेल्हाऱ्याची, घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. होस्टेलात माझं कोणाशी फारसं जमलं नव्हतं. मीही तिथेच डबा घेऊन बसू लागले. आम्ही फार बोलत नसू.

माझा एम.एस्सी.चा प्रकल्प त्यांच्याकडे होता. दातांवरच्या थरातून किडीचा जंतू वेगळा काढायचा आणि ओळखायचा. उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपणार होती, पुढची मिळेल याची खात्री नव्हती. त्याआधी तो सापडावा आणि त्यांनी तो पाहावा, एवढंच मला हवं होतं.

नमुने घ्यायला आम्ही वलगावला गेलो. कॉलेजच्या मॅडम दात पाहायला येणार, म्हणून सगळ्यांनी मंजनाने दात लख्ख घासून ठेवले होते. एका आजीने तर दोनदा. प्लेटांवर जेमतेम काही उगवलं. त्यावर मॅडमनी पेरॉक्साइडचा थेंब टाकला, तर भराभर बुडबुडे आले. आपला जंतू बुडबुडे काढत नाही. म्हणजे हा तो नव्हेच. मला रडू आलं. मॅडम चिडल्या नाहीत.

"पाहुण्यासमोर माणूस तोंड धुऊनच येणार," त्या म्हणाल्या. "त्याआधी भेटायचं, तर घरचं व्हावं लागतं."

पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन वलगावच्या त्याच आजीकडे मुक्कामालाच गेल्या. जेवताना आजीने घरी कोण कोण आहे ते विचारलं. कोणी नाही, असं मॅडमनी सांगितलं.

"मंग रोज अकोल्याले काहून जाता, बाई? रायत जा इथंच."

मॅडम हसल्या. जेवण झाल्यावरही बराच वेळ ताटावरून उठल्या नाहीत. सकाळी आजीने आधी वासाबद्दल माफी मागितली, मग तोंड उघडलं. तिच्यामागे सगळं घर ओळीने बसलं.

या वेळी प्लेटांवर काचेच्या चुऱ्यासारख्या खडबडीत वसाहती आल्या, आपल्या जंतूच्या असतात तशा. पण त्यातला जंतू शुद्ध करून पुढच्या चाचण्या लावेपर्यंत नेमणूक संपली. नवी मिळाली नाही. शेवटच्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेचा ओटा पुसून गेल्या. निरोपाला मी एकटीच होते.

नंतर मी पेरॉक्साइडचा थेंब टाकला. बुडबुडे आले नाहीत. मॅनिटॉल नावाच्या साखरेच्या नळीतला लाल रंग पिवळा झाला; आपला जंतू ती साखर आंबवतो. जंतू सापडला होता, आणि प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. घरी फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं माय. जेवली काय?"

मग मॅडमना लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मॅडम, आहात ना?"

"हो, आहे मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग मले. हळू सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.