गप म्हणायचं न्हाई

औशाच्या पुढे, भूकंपानंतर सरकारनं नव्यानं वसवलेल्या एका गावात दानम्माबाईंची अंगणवाडी आहे. ती शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. फाट्यावर उतरलं की पोरांचा कालवा ऐकू येतो, त्या दिशेनं चालत राहायचं. तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकेनं एकदा कपाळाला हात लावून विचारलं होतं, "दानम्माबाई, ही अंगणवाडी आहे की आठवडी बाजार?" बाई हसल्या आणि उसळ वाढत राहिल्या.

गोष्ट साधी आहे. दानम्माबाई पोरांना गप करत नाहीत. अठरा वर्षांच्या नोकरीत तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. एखाद्यानं भोकाड पसरलं की त्या त्याच्याशेजारी फतकल मारतात आणि तांदूळ निवडत विचारतात, "झालं का रडून?" पोर हुंदके देत मान हलवतं. "अजून थोडं हाय?" "हाय." "मग घे रडून. मला बी काय घाई न्हाई." रागानं लाल झालेल्याला विचारतात, "राग कुठं आलाय? पोटात का हातात?" हातात आला असेल तर ओल्या काळ्या मातीचा गोळा मिळतो. तो हवा तेवढा आपटायचा, फक्त दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा नाही. पहिल्या आठवड्यात पोरं तो भिंतीवर मारतात, महिन्याभरात त्याचे बैल करायला लागतात. हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं, असं बाकीच्या सेविका विचारतात तेव्हा बाई विषय बदलतात.

हे शिकवलं त्र्याण्णवच्या भूकंपानं. तेव्हा दानम्मा सात वर्षांची होती आणि भाऊ संगप्पा चार वर्षांचा. जुन्या गावातल्या घराच्या दगडमातीखाली दोघं सापडली, मध्ये एक तुळई आडवी. संगू रडला की हलायचा, हलला की वरून माती सुटायची. सात वर्षांच्या डोक्याला सुचलं ते ती बोलली. "गप बस संगू. आवाज केलास तर माती पडंल." पोर गुणाचं, त्यानं ऐकलं. वर माणसं आली, हाका मारत फिरली, तोवर दानम्माची शुद्ध गेली होती. तिची वेणी दगडांतून दिसली म्हणून तिला काढलं. पलीकडून काहीच आवाज येईना, तेव्हा माणसं पुढच्या घराकडे गेली. संगूला तिसऱ्या दिवशी काढलं. आपण त्याला गप बसवलं होतं, हे दानम्मानं आजवर आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवालासुद्धा नाही.

यंदा भादव्यापासून गावाखालची जमीन गुरगुरायला लागली. भर दुपारी खालून घुमल्यासारखा आवाज यायचा, मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि मग सगळं शांत. तज्ज्ञ आले, यंत्रं लावून गेले, घाबरायचं कारण नाही म्हणाले. गाव घाबरायचं ते घाबरलंच. बाईंनी मात्र पोरांना एक युक्ती शिकवली. आवाज आला की सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली पळायचं आणि जमिनीपेक्षा मोठ्यानं ओरडायचं. चार दिवसांत पोरं आवाजाची वाट बघायला लागली.

एकटी रुद्राणी ओरडेना. पाच वर्षांची ही पोर. आवाज आला की ती बाहेर यायचीच नाही. शहाबादी फरशीवर पालथी पडायची, कान खाली लावायची आणि स्वतःचं मनगट चावत राहायची. बाई तिला उचलून बाहेर आणायच्या तेव्हा मनगटावर दातांच्या खुणा असायच्या, कधी रक्त.

तिची आई मंजुश्री खूश होती. "बाई, लई शहाणी झाली बघा माझी पोरगी. आधी केवढा तमाशा करायची! आता हूं न्हाई का चूं न्हाई."

शहाणी हा शब्द ऐकून दानम्माबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांनी मंजुश्रीला पोरीचं मनगट दाखवलं. "होईल बरं," म्हणत ती कामाला गेली. बाईंनी मातीचा गोळा देऊन पाहिला, तो रुद्राणीच्या तळहातावर तसाच वाळला. "भ्या कुठं हाय गं? पोटात?" असं विचारलं तर तिनं बोटानं फरशी दाखवली. ही पोर अशीच आत आत गेली तर एक दिवस हाताला लागणार नाही, ही भीती बाईंना झोपू देईना. एक लेकरू तसं गेलं होतं. दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं.

सोयाबीनच्या काढणीतली दुपार. बाकी पोरं जेवून घरी गेली होती, मदतनीसही गेली होती. मंजुश्री रानातून यायची होती, म्हणून रुद्राणी एकटीच मागं राहिली होती. ताटल्या किणकिणल्या. रुद्राणी मुकाट फरशीवर पालथी झाली. या खेपेला बाईंनी तिला उचललं नाही. त्या शेजारी बसल्या.

"काय ऐकायलीस गं?"

"खाली पोरगं हाय."

"काय म्हणतंय?"

"काहीच न्हाई. त्याला बोलायचं न्हाई. त्याच्या अक्कानं सांगितलंय."

दानम्माबाईंनी फरशीकडे पाहिलं. जुनं गाव इथून चार किलोमीटरवर. या फरशीखाली मुरूम आणि सरकारी सिमेंट, दुसरं काय असणार? भूकंपाच्या गोष्टी पोरीनं घरी ऐकल्या असतील. पण ही गोष्ट कोणत्या घरात सांगितली गेली?

"आणि तू का गप असतीस?"

"मी आवाज केला की त्याच्यावर माती पडंल."

अठरा वर्षांत पहिल्यांदा बाईंच्या ओठांवर तो शब्द आला. गप. एका शब्दात हे सगळं मिटलं असतं. त्यांनी तो दाताखाली धरला आणि हळूहळू फरशीवर आडव्या झाल्या. गाल टेकवला. फरशी गार होती आणि आतून थरथरत होती.

"संगू," त्या म्हणाल्या, "अक्का हाय रे. अक्काचं चुकलं. आता रड. मोठ्यानं रड, न्हाई पडत माती."

रुद्राणी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "बाई, त्याला रडायला येत न्हाई. तो इसरलाय."

"मग आपण दाखवू त्याला."

आणि दानम्माबाई रडल्या. आधी नुसता श्वास घरघरला, मग गळ्यातून असा आवाज निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. बत्तीस वर्षांचं ते रडणं. रुद्राणीनं मनगट तोंडातून काढलं. तिचा ओठ वाकडा झाला, हनुवटी थरथरली आणि तिनं टाहो फोडला. दोघींचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला.

मंजुश्री हातातला इळा तसाच घेऊन धावत आली. इळा दारात टाकून तिनं पोरीला छातीशी धरलं. "गप गं माय, गप..."

"मंजुश्री, रडू दे तिला," बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

रुद्राणीनं आईच्या गळ्याला मिठी मारली. "आई, मला लई भ्या वाटतंय," ती ओरडून म्हणाली. पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. मंजुश्रीच्या डोळ्यांना धार लागली. "हाव गं, मला बी वाटतंय," म्हणत तिनं लेकराला कडेवर घेतलं आणि ती निघाली. रुद्राणीचं रडणं लिंबापाशी गेलं, रस्त्याला लागलं, कोपऱ्यावर वळलं आणि ऐकू येईनासं झालं.

ताटल्या केव्हाच थांबल्या होत्या. अंगणवाडीत मात्र रडणं चालूच होतं. बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड मिटलेलं होतं. त्यांनी कान फरशीला आणखी घट्ट लावला. लहान पोराचं ते रडणं, आधी अडखळत, मग गळा मोकळा करून. त्या उठल्या नाहीत. त्याचं रडून होईपर्यंत त्या तिथंच पडून राहिल्या.